‘किरकोळ’ हे कोणी ठरवायचं?



आजचा विषय तसा रोजच्या व्यवहारातला आहे. पोलीस किरकोळ गुन्ह्याची तक्रार गांभीर्याने घेतात का? आपल्या सातारा-सांगलीकडे कुठल्याही पारावर किंवा एसटी स्टँडवर हा प्रश्न विचारा, उत्तर तयार असतं, ‘कोण घेतंय हो!’ एवढं म्हटलं की विषय संपतो. तत्त्वज्ञानाच्या माणसाला मात्र अशा तयार उत्तरांचा जरा संशय येतो. म्हणून आज या प्रश्नातले दोन शब्द आपण सोडवून पाहू. एक ‘किरकोळ’ आणि दुसरा ‘गांभीर्य’.

‘किरकोळ’ हा बाजारातला शब्द. घाऊक आणि किरकोळ. म्हणजे तो मापाचा शब्द आहे. पण माप कोणाचं? समजा, कृष्णाकाठच्या एका शेतकऱ्याच्या मोटारीची केबल रात्री कापून नेली. आतलं तांबं विकायला न्यायचं, एवढाच चोराचा हिशोब. केबलची किंमत धरा तीन-चार हजार. ठाण्यातल्या माणसाला ही तीन-चार हजारांची चोरी दिसते. शेतकऱ्याला काय दिसतं? विजेची पाळी हुकली, नवी केबल येईपर्यंत पाणी बंद, आणि द्राक्षाची छाटणी नुकतीच झालेली असेल तर पुढच्या सगळ्या हंगामाचीच काळजी. घटना एकच, मापं दोन. तक्रारीच्या टेबलावर यातलं कुठलं माप चालतं, तिथे आपला खरा प्रश्न सुरू होतो.

आता कायद्याकडे या. मराठीत दोन शब्द आहेत, दखलपात्र आणि अदखलपात्र. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि कोणाला न विचारता तपास सुरू करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. एवढाच तांत्रिक फरक आहे. साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी ही अदखलपात्राची नेहमीची उदाहरणं. जुन्या दंड संहितेतली ३२३, ५०४, ५०६ ही कलमं तर आपल्याकडे शाळा न शिकलेल्या माणसालाही पाठ असायची. ‘एनसी केली’ असं आपण म्हणतो, ती हीच.

पण भाषेची गंमत बघा. ‘अदखलपात्र’ हा शब्द सामान्य माणसाच्या कानाला कसा लागतो? दखल घेण्याच्या लायकीचं नाही, असाच ना? कायद्याला म्हणायचं असतं, ‘पोलिसांनी स्वतःच्या अधिकारात तपास करू नये.’ ऐकणाऱ्याला ऐकू येतं, ‘तुझ्या दुखण्याची दखल नाही.’ आणि दुःख याचं आहे की टेबलापलीकडच्या माणसालाही बऱ्याचदा तसंच ऐकू येतं. एनसी लिहून घेतली म्हणजे प्रकरण मिटलं, अशी दोन्हीकडची समजूत होऊन बसते. वास्तविक अदखलपात्र तक्रारसुद्धा नोंदवून घेणं आणि तक्रारदाराला दंडाधिकाऱ्याकडे जाण्याची वाट दाखवणं, हे पोलिसांचं कायदेशीर कर्तव्य आहे.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये एक तरतूद आहे. चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा. विचार चांगला आहे. भुकेपोटी काही उचललेल्या पोराला तुरुंगात घालून त्याचा सराईत चोर करायचा नाही, ही त्यामागची भावना. पण सोबतच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात ही पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र म्हणून दाखवली आहे. जुन्या कायद्यात चोरी, मग ती शंभर रुपयांची का असेना, दखलपात्र होती.

यातली तर्काची अडचण लक्षात घ्या. ही सवलत पहिल्यांदा दोषी ठरणाऱ्याला आहे. तो पहिल्यांदाच दोषी ठरतोय की दहाव्यांदा, हे कधी कळणार? चोर सापडल्यावर. चोर कधी सापडणार? तपास झाल्यावर. आणि तपास कधी होणार? दंडाधिकाऱ्याने आदेश दिल्यावर. म्हणजे आपल्या केबलवाल्या शेतकऱ्याने आधी तालुक्याच्या कोर्टाची पायरी चढायची. चोराच्या भल्यासाठी आखलेली रेषा फिर्यादीच्या वाटेत आडवी आली.

त्याच संहितेत याच्या उलट दिशेचाही एक विचार आहे. कलम ३३ सांगतं की, एखाद्या कृत्याने झालेली इजा इतकी क्षुल्लक असेल की साधारण समजुतीचा आणि स्वभावाचा माणूस तिची तक्रारच करणार नाही, तर ते कृत्य गुन्हा ठरत नाही. जुन्या संहितेत हे कलम ९५ होतं. मला हे कलम फार शहाणं वाटतं. क्षुल्लक म्हणजे काय, हे त्याने रुपयांत मोजलेलं नाही. साधारण माणसाला तक्रार करावीशी वाटेल का, असं विचारलं आहे. आता ज्या माणसाने दिवसाचा खाडा केला, पदरचं भाडं खर्च केलं, ठाण्याच्या पायरीवर चढायची भीती गिळली आणि तो टेबलापाशी उभा राहिला, त्याची तक्रार क्षुल्लक आहे असं धरून चालायला निदान जड जायला हवं.

आता दुसरा शब्द, गांभीर्य. गांभीर्याने घेणं म्हणजे नक्की काय करणं? मी त्याचे तीन भाग करतो. ऐकणं, नोंदवणं आणि माग काढणं. आपल्या बोलण्यात या तिन्हींचा गोंधळ होतो. लोक म्हणतात, ‘पोलिसांनी काही केलं नाही.’ पोलीस म्हणतात, ‘प्रत्येक चपलेच्या चोरीमागे माणूस लावू का?’ लोक बोलतात पहिल्या दोन गोष्टींबद्दल, आणि पोलीस उत्तर देतात तिसऱ्या गोष्टीचं.

तिसऱ्या गोष्टीत पोलिसांचं म्हणणं खरं आहे, हे मान्य केलं पाहिजे. ज्ञानोबांची पालखी लोणंद-फलटणवरून जाते, मांढरदेवची यात्रा असते, सांगली-मिरजेचा गणेशोत्सव असतो, निवडणुका असतात, मंत्र्यांचे दौरे असतात. सगळा बंदोबस्त त्याच माणसांनी करायचा आणि तपासही त्यांनीच. कॉमन कॉज आणि सीएसडीएस या संस्थांच्या २०१९ च्या अहवालात पोलिसांच्या कामाचे तास दिवसाला सरासरी १४ निघाले होते. कायदा-सुव्यवस्था आणि तपास ही कामं वेगळी करा, असं सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २००६ साली सांगितलं. ठाण्यांच्या रोजच्या कारभारात ते अजून पुरतं उतरलेलं नाही. तेव्हा सगळ्या चोऱ्यांचा सारख्या नेटाने माग काढणं शक्य नाही, हे मान्य.

पण ऐकायला आणि नोंदवायला काय लागतं? एक माणूस, एक वही आणि अर्धा तास. इथे कमतरतेची सबब अपुरी पडते. आणि इथेच कायदा सगळ्यात स्पष्ट आहे. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात निकाल दिला. माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे. माहिती विश्वासार्ह आहे की नाही, हे नोंदणीच्या आधी तपासायचं नाही, ते नंतर. आणि न्यायालयाने हेही सांगितलं की गुन्हा नोंदवला म्हणजे लगेच अटक केलीच पाहिजे, असं नाही.

नव्या संहितेने यात थोडी फट ठेवली आहे. तीन वर्षं किंवा त्याहून जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. गुन्हा प्रथमदर्शनी दिसतो का, एवढंच त्यात पाहायचं आहे. तक्रारदाराला चौदा दिवस टाळायचा तो परवाना होऊ नये.

मग नोंदवत का नाहीत? एक कारण आकड्यांचं. ठाण्याच्या हद्दीत दाखल गुन्हे वाढले की वरून विचारणा होते. दुसरं दिवस दुसऱ्याच्या नावावर ढकलण्याचं, ‘ही आमची हद्द नाही.’ आणि तिसरं कारण शब्दांचं. बाजारात मोबाइल मारला गेला, तर कागदावर बऱ्याचदा शब्द येतो ‘गहाळ’. मोबाइल गहाळ झाल्याचा दाखला मिळतो, सिमकार्ड नवं मिळतं, माणूस घरी जातो. या एका शब्दाने काय झालं बघा. चोरीला कर्ता असतो. कुणीतरी चोरतं. गहाळ होण्याला कर्ता नसतो. वस्तू आपली आपणच गहाळ होते. शब्द बदलला आणि चोर जगातूनच नाहीसा झाला. उरला फक्त तुमचा वेंधळेपणा.

इथे आपल्या न्यायदर्शनाची आठवण होते. न्यायदर्शनाने चार प्रमाणं मानली. त्यातलं एक शब्दप्रमाण. विश्वासू माणसाचं, आप्ताचं वचन हे ज्ञानाचं साधन आहे. आपलं बहुतेक ज्ञान असंच दुसऱ्याच्या शब्दावर उभं असतं. मग प्रश्न येतो, आप्त कोण? वात्स्यायनाने आपल्या भाष्यात सांगितलं की आप्ताचं हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. म्हणजे जात-कुळ बघायचं नाही. त्याला विषय माहीत आहे का आणि तो खरं सांगू इच्छितो का, एवढंच बघायचं. ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ साली याचीच उलट बाजू मांडली. बोलणारा कोण आहे हे पाहून त्याच्या शब्दाचं वजन कमी करणं हासुद्धा एक अन्याय आहे. वस्तू चोरीला गेली हा पहिला अन्याय. ‘तू सांगतोयस म्हणजे खरं कशावरून’ हा दुसरा. आणि माझ्या मते माणूस दुसरा अन्याय जास्त दिवस लक्षात ठेवतो.

सांगलीतलंच उदाहरण घ्या. इथे १९९२ पासून ‘संग्राम’ ही संस्था आणि १९९६ पासून ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ काम करते. या बायकांचा एक जुना झगडा हाच आहे की आमचं म्हणणं नागरिकाचं म्हणणं म्हणून ऐका. गिऱ्हाइकाने मारलं, गुंडाने पैसे हिसकावले, तर ‘तुमच्या धंद्यात हे चालायचंच’ हे उत्तर मिळू नये. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात पोलिसांना सांगितलं की, तक्रार घेऊन आलेल्या या स्त्रियांशी भेदभाव करू नका, त्यांना सन्मानाने वागवा. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला हे मुद्दाम लिहावं लागतं, यातच सगळं आलं. तीच गोष्ट नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईची. सततचा छळ दखलपात्र आहे, पण कागदावर येते साधी मारहाण आणि शिवीगाळ, म्हणजे एनसी. तेव्हा ‘किरकोळ’ हा शिक्का पुष्कळदा घटनेवर बसत नाही, माणसावर बसतो.

आता थोडं मागे जाऊ. ज्या गोष्टीला आपण आज किरकोळ म्हणतो, तिच्याकडे आपल्या परंपरेने कसं पाहिलं? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणि याज्ञवल्क्यस्मृतीत एक नियम आहे. चोरीचा माल परत मिळवता आला नाही, तर राजाने तो भरून द्यावा. याचा अर्थ नीट पाहा. कर घेतोस, तर रक्षण हे तुझं देणं आहे; ते चुकलं तर भरपाई तू कर. चोरी हा राज्याच्या कर्तव्यातला कसूर मानला गेला.

आपल्या मुलखात याचं गावपातळीवरचं रूप होतं. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात पेशवाईतल्या गावव्यवस्थेची नोंद केली आहे. गावात चोरी झाली की जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग गावाच्या शिवेपर्यंत गेला की पुढच्या गावाच्या जागल्याच्या हवाली करायचा. ज्या गावात माग हरवला, त्या गावावर जबाबदारी. आपण आज ‘माग काढणे’ म्हणतो ते असं होतं. तिथे हद्द ही जबाबदारी सोपवण्याची जागा होती. आज ती जबाबदारी झटकण्याची जागा झाली. नव्या संहितेने गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने नोंदवायचा आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायचा, ही ‘झिरो एफआयआर’ची पद्धत कायद्यातच घातली. एका अर्थी तो शिवेवरचा जुना शहाणपणा परत आला.

आणखी अलीकडे या. १९४३ ते १९४६. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. तेव्हा सांगलीकडचा बराचसा भाग सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. आपण प्रतिसरकार म्हटलं की शेणोलीची रेल्वे आठवतो, तुफान सेना आठवतो. पण गावोगावच्या लोकांना ते आपलं वाटलं, याचं एक मोठं कारण न्यायदान मंडळं. बांधाची भांडणं, चोऱ्या, सावकारीचे तंटे तिथे ऐकले जायचे. ज्याचं ठाण्यात कोणी ऐकत नव्हतं, त्याचं इथे ऐकलं जायचं. राज्य कोणाचं, हे लोक बहुधा अशा छोट्या गोष्टींवरून ठरवतात.

त्याच मातीतले तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे समितीने सामोपचाराने मिटवायचे, गावाला पुरस्कार. मोहिमेचा हेतू उत्तम होता. पण एक सूक्ष्म धोका ध्यानात ठेवायला हवा. तंटा मिटणं आणि तंटा दबणं बाहेरून सारखंच दिसतं. गावाला बक्षीस मिळायचं असेल तर कमकुवत माणसाला ‘गावासाठी तक्रार मागे घे’ म्हणणं सोपं असतं. म्हणून समेटाच्या आधी नोंद हवी. नोंद असली की कमकुवत माणूसही समेटाला थोड्या बरोबरीने बसतो.

इथपर्यंत मी तक्रारदाराची बाजू घेतली. आता उलट बाजू, आणि ती तितकीच महत्त्वाची आहे. गांभीर्य म्हणजे कडकपणा, असा एक समज आहे. ‘पोलिसांनी मनावर घेतलं ना, की दोन तासांत कबूल करतो बघा!’ हे वाक्य आपण कौतुकाने बोलतो. त्या दोन तासांत काय होतं, हे विचारत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यात लूटमारीच्या गुन्ह्यात पकडलेला विशीतला एक तरुण कोठडीत मरण पावला. तो पळून गेला असं सांगितलं गेलं. मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचं नंतर उघड झालं. एका उपनिरीक्षकासह पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. लुटीची तक्रार ‘मनावर घेणं’ असं असेल, तर ते न घेतलेलं बरं, असं कोणीही म्हणेल.

आणि असं मनावर घेतलं जातं तेव्हा पहिली धाड कुठे पडते? पारध्यांच्या पालावर. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय रद्द झाला नाही. म्हणजे तक्रारदाराचा शब्द जातीवरून हलका करायचा आणि आरोपीचा गुन्हा जातीवरून पक्का करायचा. चूक एकच आहे, टोकं दोन.

अमेरिकेतही हा धडा गिरवून झाला. जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी १९८२ मध्ये ‘फुटक्या खिडकी’चा सिद्धांत मांडला. एक फुटकी काच तशीच ठेवली की बाकीच्याही फुटतात, म्हणून छोट्या बेशिस्तीकडे लक्ष द्या. यात तथ्य आहे. पण न्यूयॉर्कमध्ये रस्त्यात माणसं अडवून झडत्या घेण्याची जी पद्धत वाढली, तिचा जाच मुख्यतः काळ्या आणि लॅटिनो तरुणांना झाला, आणि २०१३ मध्ये न्यायालयाने ती पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली. खिडकीकडे लक्ष द्यायचं म्हणजे जवळून जाणाऱ्या प्रत्येक पोराला पकडायचं नव्हे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. तक्रार ऐकणं आणि नोंदवणं हे प्रत्येकाचं देणं आहे. त्यात किरकोळ-मोठं नाही. माग काढण्यात क्रम लावावा लागेल, तो जरूर लावा. पण ‘आज यावर माणूस देता येत नाही, कारण हे’ असं उघडपणे, लेखी सांगा. नकार समजून घेणारी माणसं असतात. टोलवाटोलवी मात्र कोणीच समजून घेत नाही.

तुमच्याकडून काय? तक्रार शक्यतो लेखी द्या, दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. चोरी असेल तर ‘चोरी’ असंच लिहा, आग्रहाने. वस्तूच्या किमतीबरोबर तिच्या जाण्याने झालेलं नुकसानही लिहा. एफआयआरची प्रत मोफत मिळणं हा तुमचा हक्क आहे. एनसीचीही नोंद मागा. ऑनलाइन दिलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, ते विसरू नका. ठाण्याने दखलपात्र गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे लेखी जा आणि तिथेही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. मोबाइल असेल तर आयएमईआय क्रमांक घेऊन संचार साथी पोर्टलवर तो बंद करा. गेलेले मोबाइल असे सापडून परत मिळतातही.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने चांगला प्रश्न विचारला. ‘सर, सगळं नोंदवायला लागले तर गुन्हे वाढल्याची बातमी येईल, आणि तुम्ही-आम्हीच पोलिसांना धारेवर धरू. मग कोण नोंदवेल?’

बरोबर आहे. हा दोष आपला, वाचणाऱ्यांचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालातच इशारा असतो की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दवाखान्याच्या वहीत पेशंट वाढले तर गावात रोगच वाढला असं म्हणता येत नाही. कदाचित लोकांचा त्या डॉक्टरवर विश्वास बसला असेल. एखाद्या ठाण्यात किरकोळ तक्रारींची नोंद वाढलेली दिसली, तर त्या ठाणेदाराला जाब विचारण्याआधी, ती वही कोणाकोणाच्या नावांनी भरली आहे, ते पाहा. त्यात पालावरच्या माणसाचं नाव आहे का, मार खाल्लेल्या बाईचं आहे का, केबल गेलेल्या शेतकऱ्याचं आहे का? असेल, तर त्या अधिकाऱ्याचं अभिनंदन करायला आपण चारजण जाऊ या. तक्रारीला जाणारे पुष्कळ असतात. या कामासाठी ठाण्याची पायरी फारसं कोणी चढत नाही.